विंटेज टी-रूममधला दुपारचा चहा : जावं का, कुठे जावं आणि काय खावं?

कपबशी

लीड्समध्ये राहून 'आफ्टरनून टी' मी कायम टाळत आले होते. तीन मजली स्टँडवरचे चार चिमुकले सँडविच खायला माणशी पंचवीस पौंड कोण मोजणार? पण या उन्हाळ्यात आई आणि मावशी आल्या आणि मावशीनं विमानतळावरच फर्मान काढलं, "ते म्युझियम-बिझियम राहू दे, मला ते गोऱ्यांचं चहापाणी बघायचंय."

म्हणून यॉर्कजवळच्या एका खेड्यातल्या छोट्या टी-रूममध्ये गेलो. नाव मुद्दाम देत नाही, जाहिरात वाटायला नको. जेमतेम सात-आठ टेबलं. थीम १९४० च्या दशकाची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं इंग्लंड. चहा आणणाऱ्या दोघीजणी डोक्याला ठिपक्याठिपक्यांचा रुमाल बांधलेल्या आणि वर फुलाफुलांचा एप्रन. छताला कापडी त्रिकोणी पताका. कोपऱ्यात लाकडी रेडिओ, त्यातून जुनी गाणी (आत ब्लूटूथ स्पीकर आहे, मी वाकून बघितलं). मेन्यू रेशनच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यात चिकटवलेला. खिडकीत गॅस मास्कची खोकी.

टेबलं म्हणजे सिंगरच्या शिलाई मशीनची ओतीव लोखंडी स्टँडं, वर लाकडी फळी ठोकलेली. मावशीनं बसल्या बसल्या सवयीनं खाली पाय ठेवला आणि पायटा हलायला लागला. पट्टा काढलेला होता, पण चाक फिरत होतं. तिनं आयुष्यभर ब्लाउज शिवले आहेत. पुढचा तासभर ती चहा पिता पिता मशीन चालवत होती आणि वरच्या बश्या किणकिणत होत्या.

कपबश्या सगळ्या बिनजोडीच्या. एकावर गुलाब, एकावर निळी पानं, एकीची सोनेरी कड अर्धी पुसलेली. किटलीला लोकरीनं विणलेलं टोपडं. माझ्या मते या जागेचं खरं वैभव ते टोपडंच. चाळीस मिनिटांनंतरही चहा कढत होता.

खाण्याचं सांगते. स्टँड खालून वर खात जायचा. तळाला सँडविच (काकडी, अंडं-मेयो, चेडर चीज आणि चटणी), मधे गरम स्कोन (बिस्किट आणि पावाच्या मधला छोटा गोल प्रकार), वर केक. सँडविच बरे. केक अतिगोड, मावशीनं अर्धे डब्यात भरून घेतले, आणि त्यासाठी त्यांनीच आनंदानं पुठ्ठ्याचा खोका दिला. स्कोन मात्र अफाट. सुरी लावायची नाही, मधल्या भेगेवर हातानं दाबलं की दोन भाग होतात, आतून वाफ येते.

चहाबद्दल मावशीचा निकाल : "रंग आहे, गुण नाही."

आता प्रश्न. सप्टेंबरात सासूबाई येतायत, शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. उत्तर इंग्लंड किंवा स्कॉटलंडमधल्या अशा जागा सुचवा. आणि कोणाला वेगळे अनुभव असतील तर लिहा.

डेक्कनचा_काका

पंचवीस पौंड! गुडलकमध्ये १९३५ पासून बनमस्का आणि चहा मिळतोय, आणि तो विंटेज करून दाखवावा लागत नाही, आपोआप विंटेज आहे.

(हलकेच घ्या. मावशींना नमस्कार सांगा. पायटा हलवत चहा पिणाऱ्या बाई म्हणजे आमच्या आळीतल्याच.)

सुंठसाखर

काका, पूर्ण स्टँडच घ्यायला हवा असं नाही. मेन्यूत खाली 'क्रीम टी' असतो : दोन स्कोन, जॅम, क्लॉटेड क्रीम आणि एक किटली. पूर्ण स्टँडच्या निम्म्याहूनही कमी पैशांत होतो आणि खरी मजा त्यातच आहे. दोघांत एक स्टँड आणि एक क्रीम टी मागवला तरी कोणी भुवया उंचावत नाही.

क्लॉटेड क्रीम म्हणजे आपली साय. फरक इतकाच की ते लोक मलईच मंद आचेवर तासन् तास तापवतात आणि मग गार होऊ देतात. वर पिवळसर जाड खपली येते. कॉर्निश म्हणून विकायचं तर त्यात किमान ५५ टक्के फॅट लागतं. त्यावरून डेव्हन आणि कॉर्नवॉलचं भांडण प्रसिद्ध आहे : डेव्हनवाले आधी क्रीम लावून वर जॅम, कॉर्नवॉलवाले आधी जॅम. कॉर्नवॉलमध्ये मी उलटं केलं तर शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी घसा खाकरला होता.

सासूबाईंसाठी : आधी फोन करून 'एग-फ्री' स्पष्ट सांगा. 'व्हेजिटेरियन' म्हटलं की अंडं येणारच. स्कोनमध्ये बऱ्याचदा अंडं असतं, नसलं तरी वर चकाकीसाठी फासलेलं असतं. मूस आणि जेलीसारख्या गोष्टींत जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यांपासून काढलेलं. हल्ली 'व्हीगन आफ्टरनून टी' अनेक ठिकाणी मिळतो, तो सर्वात सुरक्षित. त्यात साय नाही, हे दुःख पचवावं लागेल.

साधा_डोसा

मावशींच्या "रंग आहे, गुण नाही" वर चार ओळी. कामानिमित्त चहाच्या धंद्याशी संबंध आहे म्हणून.

आपल्या घरी येतो तो सीटीसी, म्हणजे दातेरी रुळांतून चिरडून, फाडून, गोळ्या केलेला. ही पद्धत आसामात १९३० च्या सुमारास निघाली. तो झटकन उतरतो, कडक होतो, दूध-साखर-आल्यासमोर टिकतो. या टी-रूममध्ये किटलीत बहुतेक पानाचा, म्हणजे ऑर्थोडॉक्स चहा असतो. त्याला उकळायचंच नसतं, फक्त मुरवायचं. दार्जिलिंग किंवा अर्ल ग्रे मागवून त्यात दूध घातलं की मावशींचा निकाल शंभर टक्के बरोबर.

उपाय सोपा आहे. आसाम मागवा, किंवा 'इंग्लिश ब्रेकफस्ट' नावाचा चहा. चार-पाच मिनिटं हात लावू नका. आणि सोबत जो गरम पाण्याचा दुसरा जग येतो तो हात धुवायला नाही हो, किटलीतला चहा फार कडक झाला की सैल करायला असतो. आपल्याला त्याची गरज पडत नाही, मी तो परत पाठवतो.

लीड्सला आहात तर तिथलं पाणी चहाला चांगलं. लंडनचं पाणी चुनखडीचं, त्यावर तवंग येतो.

ग्लासगोकर

स्कॉटलंड विचारलंत म्हणून. ग्लासगोत सॉकीहॉल स्ट्रीटवर विलो टी-रूम आहे. मूळची १९०३ ची. डिझाइन ग्लासगोच्याच चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या वास्तुरचनाकाराचं, दर्शनी भागापासून खुर्च्यांपर्यंत. मधे बरीच पडझड झाली होती, २०१८ मध्ये पुन्हा उभी करून उघडली. ती 'थीम' नाही, अस्सल आहे. वरच्या मजल्यावरच्या सालों द लुक्समध्ये उंच पाठीच्या चंदेरी खुर्च्या आणि भिंतीला आरशांची पट्टी. खुर्च्या दिसायला सुंदर, बसायला शिक्षा. (साठीपुढच्या सासूबाईंना उशी न्या.)

ही जागा काढणारी केट क्रॅन्स्टन हे भारी प्रकरण होतं. १८७८ मध्ये तिनं ग्लासगोत पहिली टी-रूम काढली. तेव्हा तिथे दारूबंदी चळवळीचा जोर होता, पुरुषांना पबशिवाय बसायला जागा नव्हती आणि बायकांना तर कुठेच नव्हती. घरंदाज बाई एकटी हॉटेलात बसली की नावं ठेवायचे. टी-रूममध्ये मात्र बसता यायचं, मैत्रिणीबरोबर, एक किटली मागवून, वाटेल तितका वेळ.

लंडनमध्येही तेच. एरेटेड ब्रेड कंपनी नावाच्या बेकरीनं १८६४ मध्ये चहाचं दुकान सुरू केलं, मग १८९४ मध्ये पिकॅडिलीत लायन्स कंपनीचं चहाचं दुकान आलं आणि पुढे गावोगावी त्यांच्या शाखा झाल्या. पुढे मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांच्या बैठका अशाच टी-रूममध्ये भरायच्या. म्हणजे हे फुलाफुलांच्या कपांचं नाजूक प्रकरण वाटतं ना, त्याच्या बुडाशी एक चांगलीच टणक गोष्ट आहे.

अवांतर : इथे निम्मी जनता आयटीतली आहे म्हणून. याच लायन्सनं आपल्या चहाच्या दुकानांचा हिशोब ठेवायला स्वतःचा कॉम्प्युटर बांधला. नाव लिओ. १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाचा हिशोब चालायला लागला. धंद्याच्या रोजच्या कामाला लावलेला जगातला पहिला कॉम्प्युटर केक मोजत होता.

डेक्कनचा_काका

लिओचं माहीत नव्हतं. माघार. पंचवीसपैकी पाच पौंड मंजूर.

वेलदोडा

कपबशीताई, सासूबाई शुद्ध शाकाहारी म्हणता, तर एक आगाऊ सूचना. बोन चायनाचा विषय टेबलावर काढू नका. बोन म्हणजे खरोखरच हाडं, गुरांच्या हाडांची राख. चांगल्या बोन चायनात ती निम्म्याच्या आसपास असते. अठराव्या शतकाच्या शेवटी स्टोक-ऑन-ट्रेंटच्या कारखानदारांनी ती पद्धत बसवली, त्यामुळेच तो कप इतका पातळ असूनही टिकतो. उजेडासमोर धरला की पलीकडची बोटं दिसतात.

आमच्याकडे हे ज्ञान माझ्या नवऱ्यानं भर चहात पाजळलं. काकूंनी हातातला कप हळूच खाली ठेवला आणि उरलेला चहा पर्समधल्या स्टीलच्या फुलपात्रातून घेतला. वेट्रेसला वाटलं काही धार्मिक विधी आहे, तिनं अदबीनं बाजूला होऊन वाट बघितली.

सुंठसाखर

फुलपात्र पर्समध्ये असणं हीच खरी संस्कृती. =))

घाटावरची

धागा छान चाललाय, त्यात मिठाचा खडा टाकतेय, आधीच माफी.

१९४० च्या थीमवर तीन मजली स्टँड? त्या काळात? रेशनच्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यात मेन्यू लावलाय म्हणता, त्या पुस्तकावर प्रत्यक्षात काय मिळायचं ते लिहिते. जुलै १९४० पासून चहा माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम. लोणी तेवढंच. साखर आठ औंस. अंडं आठवड्याला एक, तेही मिळालं तर. नंतर अमेरिकेहून अंड्याची पावडर यायला लागली, चार आठवड्यांना एक डबा. केकवर साखरेचं आयसिंग करायला १९४० मध्येच बंदी आली, लग्नाच्या केकवर पुठ्ठ्याचं खोटं आवरण घालायचे. १९४२ पासून पांढरा पावच बंद, सगळ्यांना करडा 'नॅशनल लोफ'. म्हणजे तुमच्या स्टँडचा एकही मजला त्या काळात उभा राहिला नसता. चहावरचं रेशन तर १९५२ पर्यंत होतं.

हे झालं त्यांचं. आता आपलं. १९४३ मध्ये बंगालात दुष्काळानं लाखो माणसं मेली, युद्धाचं धोरण हे त्यातलं एक मोठं कारण. १९४२ मध्ये बर्मातून निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा आसामच्या मळ्यांतले मजूर डोंगरातून रस्ते बांधायला पाठवले होते. त्या किटलीतला चहा खुडणारे तेच हात. पताका लावलेल्या भिंतीवर त्यांचा एखादा फोटो कुठे पाहिलाय का कोणी?

जाऊ नका असं म्हणत नाही. मीही जाते, स्कोन मलाही आवडतात. पण 'किती छान होते ते दिवस' असा सूर लागला की माझा घास अडकतो.

लंडनचा_पाहुणा

एवढा विचार करून कोणी चहा पितं का? रविवारची दुपार आहे, खा, प्या, फोटो काढा. प्रत्येक गोष्टीत ब्रिटिश राज आणलं की संपलंच.

घाटावरची

मी आणलं नाही, भिंतीवर लावलंय त्यांनीच. मी फक्त वाचून दाखवलं.

कपबशी

घाटावरची, मिठाचा खडा वगैरे काही नाही, उलट एक गोष्ट सांगायची राहिली होती ती आता सांगते.

आमच्या शेजारच्या टेबलावर एक खूप म्हाताऱ्या बाई होत्या, मुलीबरोबर आलेल्या. मावशीच्या पायट्याचा आवाज ऐकून त्या हसल्या आणि मग गप्पा सुरू झाल्या. मी दुभाषी. मावशीनं रेशनच्या पुस्तकाकडे बोट दाखवून विचारलं, तुम्ही हे वापरलंय का? बाई म्हणाल्या, शाळेत असताना वापरलंय, आणि अंड्याच्या पावडरीचं ऑम्लेट जिभेवर रबरासारखं लागायचं. इथे दर महिन्याला का येता विचारलं तर म्हणाल्या, ते पोस्टर-बिस्टर मुलांना आवडतं, मला इथे कोणी उठा म्हणत नाही म्हणून येते.

त्यावर मावशीनं आमच्याकडच्या रेशनचं सांगितलं. लाल मिलो ज्वारी, अमेरिकन गहू, रॉकेलची रांग, साठ-सत्तरचं दशक. त्या दोघींनी एकमेकींच्या रांगा इतक्या आवडीनं मोजल्या की मला भाषांतराला दम लागला. माझ्यापुरता तुमच्या प्रश्नाचा निकाल तिथे लागला. भिंतीवरचं सगळं नाटक आहे, आणि ते अर्धवट आहे, मान्य. पण ग्लासगोकरांनी लिहिलंय ती जुनी गोष्ट, म्हणजे दोन बायकांनी एका किटलीवर दोन तास बसावं आणि कोणी बिल आणून आपटू नये, ती त्या खोलीत खरी होती. मी पैसे त्याचे दिले असं समजते.

एक तक्रार मात्र आहे, या नव्हे, दुसऱ्या एका जागेबद्दल. शहरातली, बरीच गाजलेली. तिथे बुकिंग नव्वद मिनिटांचं आणि ऐंशीव्या मिनिटाला टेबल पुसायला फडकं घेऊन मुलगी हजर. भिंतीवर ग्रामोफोन लावून काय उपयोग मग.

डेक्कनचा_काका

घाटावरचीताईंच्या मुद्द्यावर थोडं गंभीरपणे. आपल्याकडे हल्ली वाड्याच्या थीमची हॉटेलं निघालीत. भिंतीला जातं टेकवलेलं, तांब्याचा बंब दाराशी, पाटावर नऊवारीतल्या बाहुल्या. माझी आई एकदा तिथे जेवायला आली. जात्याकडे बघून म्हणाली, "हे इथे शोभेला? आमचे खांदे भरून यायचे." आणि मग पुरणपोळी मागवून दोन खाल्ल्या. त्यामुळे इंग्रजांना एकट्यांना काय बोलायचं.

घाटावरची

काका, अगदी हेच म्हणायचं होतं. तुमच्या आईंना साष्टांग.

लंडनचा_पाहुणा

बरं, मी जरा उपयोगाचं लिहितो, मघाशी चिडून लिहिलं.

लंडनच्या मोठ्या हॉटेलांत जायचं असेल तर माणशी सत्तर-ऐंशी पौंड किंवा वर धरून चला, बुकिंग कित्येक आठवडे आधी. रिट्झला जीन्स आणि स्पोर्ट्स शूज चालत नाहीत, साडी नेसून जा, सर्वात भारी दिसतं. आणि विंटेजची हौसच असेल तर दिशूमला जा. २०१० मध्ये कॉव्हेंट गार्डनला पहिलं निघालं, मुंबईच्या इराणी कॅफेच्या थाटाचं. बेंटवुडच्या, म्हणजे वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, पंखे, जुने फोटो. लंडनचे लोक आपल्या जुन्या मुंबईसाठी हळवे होऊन रांगेत उभे राहतात, हे दृश्य घाटावरचीताईंनी जरूर बघावं.

उत्तरेत अस्सल जुनं हवं तर बेट्टीज. हॅरोगेटला १९१९ मध्ये एका स्विस मिठाईवाल्यानं, फ्रेडरिक बेल्मॉंटनं काढलं, आजही शाखा फक्त यॉर्कशरातच. यॉर्कची शाखा १९३० च्या दशकातली, क्वीन मेरी जहाजाच्या सजावटीवरून सुचलेली. तिथे तळघरात एक आरसा आहे, युद्धात आसपासच्या तळांवरच्या विमानदळातल्या पोरांनी हिऱ्याच्या टोकानं त्यावर सह्या कोरल्यात. चहा नाही प्यायलात तरी तो बघा. थीमबीम काही नाही, नुसती नावं.

शनिवार-रविवारी रांग फुटपाथवर येते. मंगळवार-बुधवारी सकाळी अकराच्या आत गेलात तर लगेच जागा मिळते. 'फॅट रास्कल' घ्या, स्कोन आणि केकच्या मधलं काहीतरी, वर बदाम-चेरीचं तोंड काढलेलं.

वेलदोडा

फॅट रास्कलला +१. पण सासूबाईंना अंडं चालत नाही ना, विचारून घ्या.

प्रश्नार्थक

फक्त वाचत होतो, एक शंका. हे सगळं बेडफर्डच्या त्या डचेसपासून सुरू झालं म्हणतात ना?

साधा_डोसा

श्रेय तिलाच देतात. अ‍ॅना मारिया, बेडफर्डची सातवी डचेस, १८४० च्या आसपास. रात्रीचं जेवण आठ-नऊवर गेलेलं, दुपारी पोटात खड्डा पडायचा, म्हणून खोलीत चहा, ब्रेड, लोणी मागवायची आणि मग मैत्रिणींना बोलवायला लागली. तिच्या कपातला चहा बहुधा चिनीच असणार, आसामचा पहिला चहा लंडनच्या लिलावात आला तोच मुळी १८३९ च्या जानेवारीत. डचेसच्या आधी चार वाजता कोणालाच भूक लागत नव्हती यावर माझा विश्वास नाही, पण ते असो.

आणि एक सावधगिरी. उत्तरेकडे किंवा स्कॉटलंडमध्ये 'हाय टी' लिहिलेलं दिसलं तर ते संध्याकाळचं भरपेट जेवण असू शकतं, मासे किंवा हॅमसकट. आपल्याकडच्या हॉटेलांतला समोसा-पेस्ट्रीवाला प्रकार समजून सासूबाईंना नेऊ नका.

सुंठसाखर

कपबशी, मग ठरलं काय?

कपबशी

सासूबाईंना विलोमध्ये नेणार, उशीसकट. फोन केला होता, अंड्याशिवायचं आधी सांगितलं तर बघतो म्हणाले. मावशी म्हणतेय तीही येणार, तिकीट पुढे ढकलून. दोघी एका टेबलावर म्हणजे दोन तास पुरणार नाहीत.

प्रश्नार्थक

पाच वर्षांचा मुलगा बरोबर असेल तर अशा जागी चालतं का? कपबश्या फोडण्यात त्याचा हातखंडा आहे.

कपबशी

चालतं. मुलांसाठी छोटा स्टँड मिळतो, जॅमचे सँडविच आणि दुधाचा कप, तोही जाड काचेचा. फक्त शिलाई मशीनचं टेबल मागू नका.